विंचू चावला, तर मुलाकडे पाहा

विंचू आपल्या ओळखीचा आहे. सरपण उचलताना, गोवऱ्या काढताना, पेंढा ओढताना, कौले चाळताना तो भेटतो. गावातल्या पुष्कळ मोठ्या माणसांना तो एकदा तरी चावलेला असतो. रात्रभर ठणका लागतो. माणूस तळमळतो. दुसऱ्या दिवशी कामाला जातो. म्हणून लहान मुलाला विंचू चावला, तरी आपण म्हणतो, "रडू नको बाळा, सकाळपर्यंत उतरेल."

पुष्कळदा तसेच होते. पण दर वेळी होत नाही. कधी कधी मूल रडायचे थांबते. घामाने भिजते. ओकते आणि गप्प पडून राहते. घरच्यांना वाटते, ठणका उतरला. खरे म्हणजे त्या वेळी विष अंगात चढत असते. सकाळची वाट पाहता पाहता मूल हातचे जाते.

अशा रात्री घरच्या माणसांनी काय पाहावे आणि डॉक्टरांना काय सांगावे, ते आम्ही या धड्यात सांगत आहोत.

विंचू दोन तऱ्हेचे

काळा विंचू मोठा असतो. काही गावांत त्याला इंगळी म्हणतात. त्याचे पुढचे चिमटे जाड असतात. त्याला पाहून भीती वाटते. तो चावला की दुखते, पण सहसा जिवावर बेतत नाही.

तांबडा विंचू लहान असतो. फार तर बोटाएवढा लांब. रंग तांबूस किंवा तपकिरी. पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट त्या मानाने जाड. खरा धोका याच्यापासून आहे. कोकणात तो फार आढळतो. महाराष्ट्राच्या इतर भागांत, कर्नाटकात, आंध्रात आणि तमिळनाडूतही तो आहे.

पण अंधारात विंचवाचा रंग कोण पाहणार? त्याला शोधण्यात आणि मारण्यात अर्धा तास जातो. शोधताना दुसऱ्या कोणाला नांगी लागण्याचीही भीती असते. म्हणून विंचवाला सोडा. मुलाकडे पाहा.

विष काय करते?

रानात अचानक वाघ समोर आला, तर आपले काय होते? छाती धडधडते. दरदरून घाम सुटतो. हातपाय गार पडतात. भीतीच्या वेळी शरीर आपल्या रक्तात एक रस सोडते, त्याचा हा परिणाम. वाघ निघून गेला, की रस थांबतो आणि जीव खाली पडतो.

तांबड्या विंचवाचे विष हाच रस सोडायला लावते. पण थोडा नव्हे, लोंढाच्या लोंढा. आणि तो लवकर थांबत नाही.

आता विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे आणा. पंप जोरात चालू आहे आणि पुढचा पाइप कोणी तरी पिळून धरला आहे. पाणी पुढे जात नाही. पंप तापतो, थकतो. पाणी मागे तुंबते. विंचवाच्या विषाने अंगात असेच होते. हृदय हा पंप. रक्ताच्या नळ्या हे पाइप. नळ्या आवळतात, हातपाय गार पडतात. हृदय जोर लावून लावून थकते. मग मागे तुंबलेले पाणी फुप्फुसात झिरपते. मुलाला खोकला येतो, धाप लागते. शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो. मूल आपल्याच फुप्फुसातल्या पाण्यात गुदमरते.

मोठ्या माणसाला एक थेंब विष आणि दोन वर्षांच्या मुलाला तेवढेच एक थेंब विष, यांत फरक आहे. मुलाचे अंग लहान. तेवढेच विष त्याला कितीतरी पट भारी पडते.

दुखणे फसवते

आता एक नवल सांगतो. नीट ध्यानात घ्या.

विंचवाच्या दंशात दुखण्यावरून विष मोजता येत नाही. मूल नांगीच्या जागी हात लावू देत नाही, मोठ्याने रडते, पण त्याला घाम नाही, ओकारी नाही, हातपाय गरम आहेत. अशा मुलाचे विष बहुधा जागच्या जागी राहिलेले असते. दुसरे मूल म्हणते, "आई, दुखत नाही." पण ते घामाने चिंब आहे, ओकते आहे, हातपाय गार आहेत. या दुसऱ्या मुलाची काळजी जास्त.

आणि बरे होताना काय होते? नांगीच्या जागी ठणका परत येतो! दवाखान्यात निपचित पडलेले मूल अंगाला ऊब आल्यावर हात धरून रडू लागते. आई घाबरते. पण डॉक्टरांना बरे वाटते. दुखणे परत येणे ही तेथे सुधारण्याची खूण आहे.

धोक्याच्या खुणा

विंचू चावल्यावर पुढची एक जरी खूण दिसली, तरी लगेच दवाखाना गाठा :

१. ओकारी होणे.
२. सगळ्या अंगाला दरदरून घाम येणे.
३. हातपाय गार पडणे.
४. तोंडातून फार लाळ गळणे.
५. मुलग्याची लघवीची जागा ताठ राहणे.
६. छाती फार धडधडणे, किंवा नाडी फार मंद लागणे.
७. खोकला, धाप, तोंडाला फेस.
८. मूल बेचैन होणे, किंवा सुस्त पडणे.

पहिल्या पाच खुणा बहुधा आधी येतात. धाप मागाहून लागते. कोणाला तासाभरात लागते, कोणाला काही तासांनी. म्हणजे ओकारी, घाम आणि गार हातपाय या आपल्याला मिळालेल्या आगाऊ सूचना आहेत. तेव्हाच निघालो, तर पुष्कळदा धाप लागण्याआधी औषध मिळते.

खूण नसली, तरी लहान मुलाला डॉक्टरांना दाखवाच. एक दिवस आणि एक रात्र त्याच्यावर नजर ठेवा.

तान्हे मूल बोलत नाही. रात्री ते एकाएकी किंचाळून उठले, काही केल्या राहीना, घामाने भिजले, तर अंगावरचे कपडे काढून पाहा. दिव्याच्या किंवा बॅटरीच्या उजेडात गोधडी आणि झोळी झटका. उघडा हात आत घालू नका. विंचू दिसला नाही, तरी दवाखान्यात जाताना "विंचवाची शंका आहे" असे सांगा.

बिरवाडीचे डॉक्टर

ही विद्या आपल्या महाराष्ट्रातच घडली. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आले. त्यांचे नाव हिंमतराव बावस्कर. ते मराठवाड्यातल्या खेड्यातून शिकून वर आलेले.

त्या भागात तांबडा विंचू फार. चावलेली मुले केंद्रात येत आणि त्यांतली काही मरत. पुस्तकात यावर नीट उपाय लिहिलेला नव्हता. डॉक्टर रुग्णांच्या खाटेशी बसले. घाम कधी आला, नाडी किती, धाप केव्हा लागली, हे ते पाहत गेले आणि लिहीत गेले. पुष्कळ रुग्ण पाहिल्यावर खुणांचा क्रम कळला. मूल दगावते ते फुप्फुसात पाणी झाल्याने, हे कळले. १९८२ साली या खुणांबद्दल त्यांनी लिहिलेला लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

मग उपाय सापडला. रक्तदाब वाढलेल्या माणसांना प्राझोसिन नावाची गोळी देत असत. ती आवळलेल्या नळ्या सैल करते. पंपाचा पिळलेला पाइप सोडवला, की पंपावरचा ताण जातो, तसेच हे. डॉक्टरांनी ती गोळी विंचवाच्या रुग्णांना दिली. १९८६ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

फरक किती पडला? गोळी येण्याआधी, ज्यांच्या अंगात विष भिनले आहे अशा १०० रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत. गोळी आल्यावर हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले.

पुढे विंचवाच्या विषावरची लस निघाली. बावस्कर पती-पत्नींनी ७० रुग्णांची तुलना केली. ३५ जणांना नुसती गोळी दिली. ३५ जणांना गोळी आणि लस दोन्ही दिली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते असे : नुसत्या गोळीने ८, दोन्हींनी ३२. हा अभ्यास २०११ साली छापून आला. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

यात आपल्यासाठी काय आहे? औषध आहे. पण ते मूल वेळेवर पोचले तरच कामाचे.

दवाखान्यात काय घडते?

मूल आले, की डॉक्टर आधी तीन गोष्टी पाहतात. याला आपण तीन नजरा म्हणू.

पहिली नजर मुलाच्या वागण्यावर. ते आईकडे बघते का? रडते का? अंग धरून आहे, की सैल पडले आहे?

दुसरी नजर श्वासावर. धाप आहे का? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? कण्हते का?

तिसरी नजर रंगावर. ओठ निळे आहेत का? कातडी फिकट, ठिपक्यांची दिसते का? डॉक्टर मुलाचे नख दाबून सोडतात. नख पांढरे होते. दोन-तीन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. उशीर लागला, तर रक्त नीट पोचत नाही असे समजतात.

मग प्रश्न विचारतात. समजा, चार वर्षांचा मुलगा आला आहे. बरोबर आई आणि आजी आहेत.

डॉक्टर : ताई, किती वाजता चावला?

आई : दिवा लावायच्या वेळेला, साहेब. सात वाजले असतील.

डॉक्टर : मग पुढं काय झालं?

आई : आधी लई रडला. आठच्या सुमाराला दोनदा ओकला. अंग घामानं चिंब झालं.

डॉक्टर : आता ठणका आहे का?

आई : न्हाई म्हणतो. म्हणून तर आम्हांला वाटलं, उतरलं.

डॉक्टर : काही पाजलं? काही लावलं?

आजी : कांदा चोळला. चहा पाजला, तो बी ओकला.

डॉक्टर : त्याची लघवीची जागा ताठ झाली होती का?

(आई खाली बघते.)

आजी : व्हय साहेब, झाली व्हती. सांगायला कसंतरी वाटलं.

डॉक्टर : आजी, यात लाजायचं काही नाही. ती विषाची खूण आहे. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. वजन किती आहे याचं?

आई : अंगणवाडीच्या कार्डावर लिवलंय. चौदा किलो.

पाहा, एवढ्या बोलण्यातून डॉक्टरांना किती कळले. वेळेवरून कळले, विष किती पुढे गेले. ओकारी आणि घाम यांवरून कळले, विष अंगात भिनले आहे. वजनावरून औषधाचे माप ठरले. मुलांना औषध वजनावर देतात. म्हणून अंगणवाडीचे कार्ड बरोबर न्यावे.

दोन गोष्टी आणखी सांगतो. एक, प्राझोसिनची गोळी घरी आणून ठेवू नका आणि आपल्या मनाने देऊ नका. गोळीने रक्तदाब उतरतो. गोळी दिल्यावर मुलाला आडवे ठेवतात. एकदम उठवले, तर चक्कर येऊन पडेल. दुसरी, "सलाईन लावा" असा हट्ट धरू नका. फुप्फुसात पाणी साचत असेल, तर जास्त सलाईनने घात होतो. किती द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील.

मण्यारीची खूण नसलेली खूण

तीन नजरांचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो.

मूल रात्री जमिनीवर झोपले. झोपताना ठणठणीत होते. पहाटे उठून म्हणते, "आई, पोटात दुखतंय." एक-दोनदा ओकते. आपण म्हणतो, अजीर्ण झाले. मग मूल झोपाळू दिसते. पापण्या वर होत नाहीत. बोलणे जड होते. थुंकी गिळता येत नाही. कोणी म्हणतो बाधा झाली. कोणी म्हणतो नजर लागली.

अशा मुलाला पान लागलेले असू शकते. मण्यार रात्री फिरते. ती काळी, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. तिचे दात इतके लहान, की चावल्याची जागा पुष्कळदा सापडतच नाही. सूज नाही, आग नाही. मुंगी चावल्यासारखे वाटते. मूल जागेसुद्धा होत नाही. मण्यारीचे विष स्नायूंना लुळे करते. आधी पापण्या, मग घसा, शेवटी श्वास.

म्हणून पहाटे पोटदुखी आणि ओकारी झाली, तर मुलाला सांगा, "बाळा, वर आढ्याकडे बघ." पापण्या उघडत नसतील, एकाची दोन माणसे दिसत असतील, तर क्षणभर थांबू नका. जखम नाही म्हणून थांबू नका.

सापाच्या विषावर लस आहे. आपल्या देशात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. श्वास थांबू लागला, तर डॉक्टर यंत्राने किंवा हातातल्या फुग्याने श्वास देतात. मूल डोळे उघडत नाही, हात हलवत नाही. पण पुष्कळदा त्याला सगळे ऐकू येत असते. त्याच्याजवळ रडू नका. धीराचे बोला. श्वास देत राहिले, तर अशी मुले काही दिवसांनी उठून बसतात.

भगताकडे जावे का?

कोणी म्हणेल, "आमच्या गावचा भगत विंचू उतरवतो. आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे." आम्ही त्याला खोटे म्हणत नाही. विंचू चावलेली पुष्कळ माणसे काही न करताही बरी होतात. मंत्र चालू असताना ठणका कमी झाला, की मंत्राचा गुण आला असे वाटते. पण तांबड्या विंचवाच्या विषात ठणका कमी होणे हे चांगले लक्षण असेलच असे नाही, हे आपण वर वाचले. भगताच्या अंगणात गेलेला एक तास परत मिळत नाही. आणि भगतही गावचाच माणूस आहे. त्याला या खुणा समजावून सांगा. "हे मूल घामाने भिजले आहे, आधी दवाखान्यात न्या," असे त्याने सांगितले, तर लोक त्याचे ऐकतील.

काय करावे, काय करू नये

करा :
चावल्याची वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहा. आता तुम्हांला लिहिता येते, त्याचा हा उपयोग.
मुलाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
मुलाला उचलून न्या. चालवू नका.
ओकत असेल किंवा लाळ गळत असेल, तर कुशीवर निजवा.
१०८ या क्रमांकावर फोन करा. दुसरे वाहन आधी मिळाले, तर त्याने निघा.

करू नका :
दोरीने आवळून बांधू नका.
ब्लेडने कापू नका. तोंडाने चोखू नका.
दारू, पाला, तंबाखू काही पाजू नका.
साप किंवा विंचू पकडायला धावू नका.

चावू नये म्हणून

मुलाला खाटेवर निजवा. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. खाट नसली, तरी जमिनीवर मच्छरदाणी उपयोगी पडते. चप्पल, बूट, अंथरूण झटकून घ्या. सरपण आणि दगडांचा ढीग घराला टेकून रचू नका. भिंतीच्या भेगा लिंपा. रात्री अंगणात जाताना बॅटरी घ्या.

लक्षात ठेवा

दुखणे थांबले, म्हणजे विष उतरले असे नाही.
ओकारी, घाम, गार हातपाय : लगेच निघा.
पहाटे पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या : लगेच निघा.
जखम लहान असो की नसो, सारे मूल पाहा.

करून पाहा

आपले मूल निजले असताना घड्याळ लावून एक मिनिटभर त्याचे श्वास मोजा. पोट वर आले, की एक. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर श्वास जलद आहे असे समजावे आणि मूल दाखवावे. बरे असताना मोजायची सवय झाली, की आजारात हात कापत नाही.

सांगा पाहू

१. विंचू चावलेले मूल म्हणते, "दुखत नाही." तरी काळजी का करावी?
२. तीन नजरा कोणत्या?
३. मण्यार चावल्याची जागा पुष्कळदा का सापडत नाही?
४. तुमच्या गावाहून जवळचा दवाखाना कोणता? तेथे विंचवावरचे औषध आणि सापाची लस आहे का? रात्री डॉक्टर असतात का? विचारून या आणि वर्गात सर्वांना सांगा.
५. रात्री वाहन कोणाकडे मिळेल? त्यांचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरात भिंतीवर लावा.